एप्रिलमध्ये मोजा, जूनमध्ये त्याच जागी पुन्हा मोजा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की मराठवाड्यातल्या शाळा सकाळच्या होतात. अभ्यासक्रम संपलेला असतो, परीक्षा चालू असते किंवा नुकतीच उरकलेली असते आणि १ मेच्या निकालाला अवकाश असतो. या पंधरा-वीस दिवसांत ज्या वर्गाचा पेपर नाही त्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी पडतो आणि दरवर्षी त्याची दोनच उत्तरे निघतात. एक तर पत्र्याच्या वर्गात हजेरीपुरते बसवून ठेवायचे, नाहीतर गाडी करून वेरूळ, पैठण किंवा नळदुर्गची सहल काढायची. पहिल्यात मुले कंटाळतात आणि दुसऱ्यात पोळतात. वेरूळचा काळा दगड सकाळी दहालाच तापू लागतो. नळदुर्गचा पाणीमहाल पाहायचा तर बोरी नदीला पाणी असताना, पावसाळ्यात पाहावा. एप्रिलमध्ये तिथे जाऊन मुलांच्या पदरात काही पडत नाही. सहली डिसेंबर-जानेवारीत काढाव्यात.

एप्रिलसाठी आमची सूचना वेगळी आहे. शाळेच्या आवारात आणि आवाराला लागून असलेल्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), सकाळी ७ ते ९ या दोन तासांत मुलांनी मोजमापे घ्यावीत. आणि ती अशीच निवडावीत, की जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याच जागी, त्याच साधनाने पुन्हा घेता येतील. जमीन, सावली, पाणी आणि झाडे यांत आपल्याकडे एप्रिल ते जून या काळात डोळ्यांत भरण्याजोगा बदल होतो. मधली सुट्टी त्यामुळे प्रयोगाचाच भाग ठरते. शिवाय एप्रिलमध्ये पाचवीत असलेली मुले जूनमध्ये सहावीत बसतात आणि स्वतःच्याच आकड्यांशी नवे आकडे ताडून पाहतात.

सुरुवात गुंठ्यापासून करावी. शेतकऱ्याच्या घरातली मुले दिवसातून दहा वेळा ‘गुंठा’ हा शब्द ऐकतात, पण एक गुंठा डोळ्यांसमोर केवढा दिसतो हे विचारले तर हात कमीजास्त पसरतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. मैदानावर तो आखायला ३० मीटरचा टेप, चार लाकडी खुंट्या, सुतळी आणि फक्की किंवा चाळलेली राख पुरते. भिंतीला समांतर ३३ फुटांची पहिली बाजू टाकावी. खरी कसोटी कोपऱ्याच्या काटकोनाची. पुस्तकातला ३-४-५ चा त्रिकोण मुलांना पाठ असतो, म्हणून ती तीन-चार फुटांचा त्रिकोण करतात आणि तिथेच फसतात. ४ फुटांच्या बाजूवर एका इंचाची चूक झाली, तर ३३ फुटांवर ती ८ इंच होते. तोच त्रिकोण ९-१२-१५ फुटांचा केला, तर १२ फुटांवरची एका इंचाची चूक शेवटी पावणेतीन इंचांवरच थांबते. म्हणून ३६ फूट दोर घ्यावा, ९ आणि २१ फुटांवर खूण करावी, दोन्ही टोके एकत्र धरावीत आणि तीन मुलांनी तीन कोपरे ताणून उभे राहावे. खुणेसाठी गाठ मारू नये. सुतळीची एक गाठ इंच-सव्वा इंच दोर खाते, म्हणजे दोन गाठींत माप बिघडलेच. रंगीत दोरा गुंडाळावा किंवा चिकटपट्टी लावावी. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, तोही टाळावा.

चारही बाजू ३३ फूट भरल्या की मुलांना वाटते, झाले. इथे थांबू देऊ नये. दोन्ही कर्ण मोजायला लावावेत. दोन्ही ४६ फूट ८ इंच आले तरच तो चौरस. एक कर्ण ४० फूट आला तर दुसरा साडेबावन्नच्या आसपास येतो, बाजू मात्र चारही ३३ फूटच राहतात आणि क्षेत्रफळ १,०५० चौरस फुटांवर घसरते. परिमिती तीच असताना ३९ चौरस फूट जमीन कुठे गेली, हा प्रश्न मुलांना फळ्यावर कितीही वेळा सांगितला तरी इतका भिडत नाही. बांधावरून होणारी भांडणे ज्यांनी घरात ऐकलेली असतात, त्यांना तर तो लगेच कळतो.

आखलेल्या गुंठ्यात सगळा वर्ग उभा करावा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१ चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त, त्यामुळे आर आणि गुंठा व्यवहारात जवळजवळ सारखेच. सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर लिहिलेले असले की ते दोन एकर, हे सातवीच्या मुलाला स्वतः काढता आले पाहिजे. यातूनच पावसाचे गणित निघते. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०१ लिटर पाणी पडते. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर एका गुंठ्यावर सुमारे ७०,८०० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या पहिल्या गाडीत ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या, म्हणजे ५ लाख लिटर. हा आकडा मुलांकडून गुंठ्यांत काढून घ्यावा. उत्तर येते सात गुंठे. ७०० मिलिमीटरच्या वर्षात एवढे पाणी सात गुंठे जमिनीवर आकाशातून पडते. पडलेले सगळे पाणी साठवता येत नाही, काही वाहते, काही मुरते, काही उडून जाते, हे लगेच सांगावे, नाहीतर मुले चुकीचा हिशेब घरी घेऊन जातात. वर्गाच्या छतासाठी हेच गणित थोड्या फरकाने करावे: ७ मीटर गुणिले ६ मीटर स्लॅब, ७०० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ हा गुणांक (म्हणजे पडलेल्या पाण्यातले ८० टक्के हाती लागते असे) धरला तर सुमारे २३,५०० लिटर. छतावरून उतरणाऱ्या पाइपांची संख्या, त्यांतले फुटलेले किती आणि पाणी शेवटी कुठे जाते, हे एप्रिलमध्ये कोरड्यात पाहून नकाशावर मांडावे आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत नकाशा बरोबर होता का ते व्हरांड्यातून तपासावे.

आता सावली. ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेला फुकट मिळालेली आहे, पण ती मुलांना दाखवली जात नाही. सरळ काठी अशी रोवावी की जमिनीवर बरोबर १ मीटर राहील. त्यासाठी सव्वा ते दीड मीटरची काठी लागते. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करावा आणि काठी दोन दिशांनी तपासावी, एका दिशेने सरळ दिसणारी काठी दुसऱ्या दिशेने हमखास कललेली असते. परभणीच्या अक्षांशावर मध्यान्हीला या काठीची सावली १० एप्रिलच्या सुमारास २० सेंटीमीटर, २० एप्रिलला १४ आणि ३० एप्रिलला ८ सेंटीमीटर पडते, उत्तरेकडे. मे महिन्याच्या मध्याला ती नाहीशी होते: धाराशिव-लातूरकडे १२ ते १४ मे, बीडला १६ मे, परभणी-नांदेडला १७ मेच्या आसपास, हिंगोलीला १९ आणि जालना-छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेच्या सुमारास. त्यानंतर सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला सरकतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा परभणीत त्याच काठीची मध्यान्हीची सावली ७ सेंटीमीटर असते, आणि ती दक्षिणेला पडते. ‘सूर्य कधीच उत्तरेला जात नाही’ असे ठामपणे सांगणारी मोठी माणसेही गावात भेटतात. एप्रिलची उत्तरेची खूण जमिनीवर पक्की केलेली असेल, तरच जूनमधली दक्षिणेची खूण मुलाला चकित करते. दिशा मात्र आधी नीट काढलेली असावी. मोबाइलमधले होकायंत्र लोखंडी खिडकी किंवा पत्र्याजवळ हमखास चुकते.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला नांदेडला सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास, परभणीला १२.१९, बीडला १२.२३ आणि छत्रपती संभाजीनगरला १२.२५. ही वेळ चुकली की प्रयोग चुकला. बरोबर बाराला पाहिले तर शून्य सावलीच्या दिवशीही पश्चिमेकडे आठ-दहा सेंटीमीटर सावली दिसते आणि मुले हिरमुसतात. सावलीचे टोक पुसट का, असेही ती विचारतात. सूर्य ठिपक्याएवढा नसून तबकडीएवढा दिसतो, म्हणून एक मीटर उंचीच्या टोकाची कड जवळजवळ एक सेंटीमीटर पुसट येते. पुसट पट्ट्याचा मध्य धरावा आणि दरवेळी तसाच धरावा.

दुपारच्या मापासाठी सगळा वर्ग उन्हात थांबवू नये. शाळेजवळ घर असलेली दोन मुले आणि एक शिक्षक, पायात चप्पल, डोक्यावर टोपी, पाच मिनिटे. आणि तेही आठवड्यातून एकदाच. शून्य सावलीचा दिवस सुट्टीत येतो, तेव्हा मुलांनी आपल्या अंगणात सपाट फरशीवर उभ्या बाजूंची बाटली किंवा डबा ठेवून पाहावे. तळाशी रुंद आणि वर निमुळते भांडे घेऊ नये, त्याची सावली आधीच तळात दडते आणि दिवस दोन-चार दिवस अलीकडे आल्यासारखा वाटतो.

सकाळच्या सावलीने उंची काढण्याचा प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण तो वेळेच्या गफलतीने बिघडतो. एप्रिलच्या मध्याला परभणीत सकाळी आठला एक मीटर काठीची सावली सुमारे २ मीटर ५ सेंटीमीटर असते, आठ वाजून दहा मिनिटांनी १ मीटर ८५. काठी आठला मोजली आणि झाड दहा मिनिटांनी, तर नऊ मीटरचा कडुलिंब आठ मीटरचा भरतो. म्हणून एक गट काठीजवळ, एक झाडाजवळ, आणि मास्तरांच्या शिट्टीसरशी दोघांनी एकदम खूण करावी. मोजणे सावकाश झाले तरी चालते. पहिली उंची मात्र झाडाची काढू नये, ध्वजस्तंभाची काढावी. त्याची खरी उंची ध्वजाच्या दोरीने पडताळता येते, झाडाची येत नाही. वडासारख्या पसरलेल्या झाडाच्या सावलीचे टोक बाहेरच्या फांदीचे असते, शेंड्याचे नसते. तिथे उत्तर जास्तच येते.

ज्या गावात काळी भारी जमीन आहे तिथे एप्रिलमधली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जमिनीच्या भेगा. या मातीतली चिकण पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिलमध्ये हात जाईल एवढी भेग पडते, जूनच्या दोन-तीन चांगल्या पावसांत ती मिटते आणि वर चालताना इथे भेग होती हे ओळखूही येत नाही. ती मोजायला दीड मीटर लांबीची जाड जीआय तार (जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी तार) घ्यावी, एक टोक वाकवून छोटी कडी करावी म्हणजे टोक मातीत रुतत नाही, आणि दर १० सेंटीमीटरवर चिकटपट्टीची खूण करावी. तार भेगेत सोडायची, ढकलायची नाही. ती अडली म्हणजे तळ लागला असे समजू नये. भेग आत वळते, मध्ये ढेकूळ अडकलेले असते. म्हणून एक मीटर लांबीच्या भेगेवर पाच ठिकाणी तार सोडावी आणि सर्वांत मोठे माप लिहावे. रुंदी तीन ठिकाणी घ्यावी. त्यानंतर भेगेच्या दोन्ही काठांपासून वीतभर आत एकेक मोठा खिळा ठोकून दोन खिळ्यांमधले अंतर मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवावे. जूनमध्ये भेग मिटली तरी खिळे राहतात आणि अंतर किती कमी झाले ते सांगतात. खिळे अगदी काठाला ठोकले तर काठ ढासळतो आणि माप हातचे जाते.

भेग निवडताना शेतकऱ्याचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे. एप्रिल-मेमध्ये नांगरट होते, मग मोगडा, मग वखराच्या पाळ्या. शेतातली भेग तुमच्या मापासकट पुसली जाते. म्हणून शाळेच्या आवाराचा कोपरा किंवा धुऱ्याची न नांगरलेली बाजू घ्यावी, मालकाला विचारून. भेगेत कधीही हात घालू नये. विंचू आणि फुरसे उन्हाळ्यात अशाच गारव्याला बसतात. बालाघाटाच्या मुरमाड पट्ट्यात भेगा पडत नाहीत. तिथल्या शाळांनी भेग शोधत बसू नये, बाटलीचा प्रयोग करावा.

बाटलीचा प्रयोग असा. प्रत्येक मुलाने आपल्या शेतातली अर्धा किलो माती आणावी. वरचा पाचोळा बाजूला करून वीतभर खोलीची, उकिरड्याजवळची किंवा गोठ्याजवळची नको. सावलीत वाळवून, ढेकळे फोडून रव्याच्या चाळणीने चाळावी. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, पण दोन-तीन बोटे जागा मोकळी ठेवून, आणि अर्धा चमचा धुण्याची पावडर. काळ्या मातीची बाटली रात्रभर भिजत ठेवावी, नाहीतर आतली बारीक ढेकळे फुटत नाहीत आणि ती वाळू समजून तळाला मोजली जातात. पाच मिनिटे जोरात हलवून सपाट जागी ठेवावी. एका मिनिटाने तळाशी बसलेल्या थराची वरची कड बाटलीवर खुणावावी, ती वाळू. दोन तासांनी दुसरी खूण, तिथपर्यंतचा गाळ. उरलेली चिकण एक-दोन दिवसांनी बसते, काळ्या मातीची तीन दिवसही घेते. या काळात बाटली उचलून पाहायचा मोह आवरत नाही आणि तिथेच प्रयोग संपतो. बाटली व्हरांड्यात न ठेवता कपाटावर ठेवणे बरे. काही ठिकाणी पावडरीऐवजी मीठ टाकतात. मिठाने चिकणीचे कण एकमेकांना धरून लवकर खाली बसतात आणि चिकण गाळात मोजली जाते, म्हणून मीठ टाकू नये. फुगलेल्या चिकणीचा थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो, हेही मुलांना सांगावे. शेजाऱ्याच्या शेताशी तुलना करायला मात्र तो पुरेसा आहे. चुनखडी तपासायची तर पांढरे खडे ठेचून त्यांवर लिंबाचा रस टाकावा. बारीक फेस आला की चुना आहे.

बियांबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. एप्रिलमध्ये बीजगोळे करून डोंगरावर फेकण्याचे कार्यक्रम बंद करावेत. वळवाचा एखादा पाऊस पडतो, बी रुजते आणि पुढच्या आठवड्याच्या उन्हात करपते. उरलेले मुंग्या आणि उंदीर नेतात. एप्रिलमध्ये बी फक्त गोळा करावे, मोजावे आणि जपून ठेवावे. बहाव्याच्या गेल्या हंगामातल्या काळ्या शेंगा, करंज, शिरीष, बाभूळ, चिंच या वेळी मिळतात. कडुलिंबाची निंबोळी जून-जुलैत पिकते आणि तिचे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते, म्हणून गेल्या वर्षीच्या निंबोळ्या पेरण्यात अर्थ नाही. ती ताजी उचलून लगेच लावायची. बहावा, बाभूळ, शिरीष यांच्या बियांचे कवच कठीण असते. पाणी उकळून भांडे खाली उतरवावे, मग त्यात बी टाकावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी फुगलेले बी लावावे, न फुगलेल्याचे एक टोक खरखरीत दगडावर घासून पुन्हा भिजवावे. चुलीवर भांडे असतानाच बी टाकले तर ते शिजते. शेळ्यांच्या बसायच्या जागेतले बाभळीचे बी चांगले उगवते, कारण ते शेळीच्या पोटातून मऊ होऊन आलेले असते. मेंढपाळांना हे कधीपासून ठाऊक आहे. साठवण कापडी पिशवीत किंवा कागदात, राख मिसळून. प्लॅस्टिकमध्ये बी घामेजते आणि बुरशी धरते. प्रत्येक पिशवीवर झाड, जागा आणि तारीख लिहावी. कण्हेर, धोतरा, एरंड आणि गुंज यांच्या बिया मुलांच्या हाती अजिबात देऊ नयेत, त्या विषारी आहेत.

पाखरांसाठी पाण्याची भांडी ठेवायची तर पसरट ठेवावीत, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको आणि मध्ये एक दगड, म्हणजे चिमणी बुडत नाही. दहा मिनिटे लांब बसून कोणता पक्षी किती वेळा आला ते मोजावे. पाणी रोज बदलावे, नाहीतर डास होतात. सुट्टीत भांडे कोण भरणार हे ठरले नसेल तर ते ठेवूच नये. महिनाभर पाण्याला सवकलेली पाखरे मेमध्ये कोरड्या भांड्यावर येऊन परत जातात.

तापमापीने झाडाखाली, पत्र्याखाली आणि उघड्यावर तापमान घ्यावे. पाऱ्याची नळी वापरू नये, फुटली तर पारा वेचता येत नाही. लाल द्रवाची वापरावी. ती नेहमी सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगावी आणि पाच मिनिटांनी वाचावी. उन्हात धरलेली तापमापी हवेचे तापमान सांगत नाही, स्वतः किती तापली ते सांगते.

आता काळजी. दुपारच्या सावलीचे माप सोडले तर ९ नंतर मैदानावर कोणी नको. ४० मुलांना पाच-पाचचे आठ गट पुरतात आणि किमान दोन मोठी माणसे लागतात. दोन तासांसाठी मुलामागे पाऊण लिटर म्हणजे ३० लिटर पाणी मैदानावर आणून ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. टँकरवर चालणाऱ्या गावात हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. साखर-मिठाचे पाणी करायचे तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नये. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही चिन्हे दिसली की मूल सावलीत आडवे करून ओल्या कापडाने अंग पुसावे. असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी न घालता १०८ ला फोन करावा. अनवाणी मुलाला मैदानावर उतरवू नये. चप्पल नसेल तर ते मूल वहीत लिहिण्याच्या कामाला सावलीत बसते, घरी परत जात नाही. दगड उलटायचा तर काठीने आणि आपल्या अंगापासून दूर. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली वर्ग भरवू नये. गाजरगवत हातांनी उपटायला लावू नये, खाज आणि दमा उठतो. आणि विहिरीची पाणीपातळी मोजायची कल्पना कितीही चांगली वाटली तरी ते काम मोठ्यांनीच करावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना नेऊच नये.

या सगळ्याला लागणारा टेप, तार, खिळे, सुतळी, दोन तापमाप्या आणि पाण्याचा जार संयुक्त शाळा अनुदानात बसतो. वेळही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सांगितलेले आहेत. त्यांतले चार एप्रिलमध्ये आणि दोन जूनमध्ये राखून ठेवावेत, एवढीच आमची शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती आहे. सध्या हे दिवस जिथे पाळले जातात, तिथे बहुधा जानेवारीतच संपवले जातात. अहवालासाठी फोटोंची सक्ती करू नये. फोटोसाठी मुले रांगेत उभी केली की तेवढ्यात सावली पुढे सरकते. अहवालाऐवजी नोंदवहीची दोन पाने मागवावीत, एक एप्रिलचे आणि एक जूनचे.

नोंदवही शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची असावी. पहिल्या पानावर आवाराचा नकाशा काढून काठी, खिळे आणि गुंठ्याचे चार कोपरे इमारतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून किती फुटांवर आहेत ते लिहावे. ‘लिंबाच्या झाडाजवळ’ एवढे लिहून भागत नाही. जूनमध्ये गवत उगवले की खिळा दिसत नाही, आणि दोन अंतरांवरून टेप धरला तर पाच मिनिटांत सापडतो. प्रत्येक मापाशी तारीख, वेळ आणि मोजणाऱ्यांची नावे हवीत. चौथी किंवा सातवीनंतर जी मुले दुसऱ्या शाळेत जाणार, त्यांनी आपल्या गटाचे पान उतरवून सोबत न्यावे. काठीची सावली नव्या शाळेतही मोजता येते. मूळ वही १ मे रोजी निकालाच्या दिवशीच पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या हाती द्यावी. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकांच्या कपाटात ती अडकली तर जूनचे माप कशाशी ताडायचे?

कळावे,
गणित व विज्ञान शिकवणारे काही शिक्षक,
परभणी जिल्हा